औषध सुरू करू का?

आमच्या घरात औषध दोन प्रकारचं होतं, एक वहिनीचं आणि एक दादाचं. वहिनी मोठ्या दवाखान्यात नर्स होती, तिचं औषध माणसं वाचवायचं. दादा औषध मारायचा. गोदामं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, किडीने ग्रासलेल्या बागा, जिथे म्हणून झुरळं, वाळवी, अळ्या होतील तिथे पाठीला पंप लावून जायचं, सगळ्यांचा निकाल लावायचा आणि परत यायचं, हे त्याचं काम. गल्लीत वहिनीला 'सिस्टर' म्हणायचे आणि त्याला 'औषधवाले'. मी त्याची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि याच घराच्या वरच्या खोलीत राहिले. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे मला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. ऐकते असं नाही, ऐकू येतं. वहिनीला हा फरक कधी पटला नाही.

दादा निवृत्त झाला तो खोकला घेऊनच. डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले की यापुढे फवाऱ्याच्या वासाजवळही उभं राहायचं नाही. रोजच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एक पाकीट वेगळं दिलं. त्रास वाढला तरच ते सुरू करायचं, आणि एकदा सुरू केलं की पूर्ण करायचं. वहिनीने ते पाकीट औषधांच्या खणात मागे सारून ठेवलं आणि दादाचा पंप धुऊन पुसून माळ्यावर टाकला. फेकूनच द्या म्हणत होती, पण दादाने तेवढं ऐकलं नाही.

मग तिने मागच्या अंगणात टोमॅटो लावले. टोमॅटोचं तिला काही विशेष प्रेम नव्हतं. नवरा दिवसभर खुर्चीत बसून छताकडे बघतो, त्याच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून लावले. हे तिने मला सांगितलं नाही आणि मी ओळखलंय हे मी दाखवलं नाही. आमचं असंच चालतं.

पहिल्या वर्षी अळीने धुव्वा उडवला. फळ बाहेरून लालबुंद, हातात घेतल्यावर मन भरावं असं, फक्त देठापाशी एक बारीक भोक. कापलं की आत अळी गुबगुबीत होऊन बसलेली. दादाचे हात शिवशिवायला लागले.

"एकदाच औषध मारलं ना, तर सगळं साफ," तो म्हणाला.

"अळ्या साफ, आणि त्यांच्यामागून तुम्ही साफ," वहिनी म्हणाली. "या अंगणात औषध येणार नाही. शब्द द्या मला."

दादाने शब्द दिला. तो शब्द द्यायला वेळ लावतो, पण दिला की मग विषय संपला.

वहिनीच्या एका जुन्या पेशंटबाईंची मोठी बाग होती. त्यांच्याकडून ती ऐकून आली की टोमॅटो एकटा लावायचाच नसतो, त्याला सोबत लागते. मग दोघं कामाला लागली. वाफ्याच्या चारी कडांना झेंडू, म्हणजे अळीचा पतंग अंडी घालायला आला की टोमॅटोच्या आधी त्याला झेंडूच्या कळ्या दिसाव्यात आणि त्याने तिथेच मुक्काम टाकावा. घरात काही बिनसलं की थोरल्या सुनेला पुढे करतात, तसा हा झेंडू. दोन ओळींच्या मधे लसूण, त्याच्या वासाने निम्मे किडे नाक मुरडून पुढे जातात. टोमॅटोच्या पायाशी बेसिल, म्हणजे ती परदेशी तुळस. आणि एका कोपऱ्यात शेपू आणि कोथिंबीर मुद्दाम न खुडता फुलावर सोडलेली. त्या बारीक फुलांवर बारीक माश्या येतात, आणि त्या माश्या अळीच्या अंगातच अंडी घालून तिचा काटा काढतात.

"म्हणजे मी करायचो तेच," दादा म्हणाला. "फक्त बिनपगारी."

पण त्याला ते आवडलं. किडा कुठे दडतो, कधी बाहेर पडतो, कोणत्या वयात किती खातो, हे दादाला तोंडपाठ होतं. ज्यांना आयुष्यभर मारलं त्यांच्याबद्दल तो इतकं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं नातेवाइकांची चौकशी चाललीय. रोज संध्याकाळी पांढरी बशी घेऊन तो वाफ्यात शिरायचा, पानाखाली बशी धरायची, वरून पानाला टिचकी मारायची आणि बशीत काय पडतं ते चष्मा कपाळावर चढवून बघायचं. पीक खाणारे ते 'पाहुणे' आणि पाहुण्यांना खाणारे ती 'आपली माणसं'. जेवताना तो आम्हाला सांगायचा, आज पाहुणे कमी होते, आपली माणसं बरीच आहेत.

एकदा वहिनी पानावरच्या काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या बारक्या जीवांना चिमटीत धरून चिरडत होती. दादाने धावत जाऊन तिचा हात धरला.

"अगं काय करतेस, ती आपली माणसं आहेत. ढालकिड्याची पिल्लं. मोठी झाली की लाल, गोल, ठिपक्यांची होतात, तेव्हा तूच म्हणतेस किती गोड. आता वाढीच्या वयात आहेत म्हणून अशी दिसतात. पानांचा रस पिणारी ती मावा कीड सगळी हीच फस्त करतात."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" वहिनी म्हणाली. चूक तिची आणि बोलणी दादाला, ही आमच्या घरची जुनी पद्धत. दादा मात्र हसत होता. निवृत्तीनंतर मी त्याला हसताना बघितलं ते त्या वाफ्यातच.

अशी काही वर्षं चांगली गेली. मग माझ्या भाचीला, दादा-वहिनीच्या मुलीला, दिवस गेले आणि वहिनीचं सगळं लक्ष तिकडे लागलं. झेंडूची एक गोम आहे. तो टोमॅटोच्या बराच आधी पेरावा लागतो, म्हणजे टोमॅटो फुलावर येईपर्यंत झेंडू फुललेला असतो. यंदा वहिनी बाळाची झबली शिवत होती, दादा तिला दोरे ओवून देत होता, आणि झेंडू राहून गेला. घाईघाईने पेरला तोवर उशीर झाला होता. टोमॅटो फुलले, त्यांना फळं धरली, आणि झेंडू नुसताच पानांनी फोफावलेला, कळीचा पत्ता नाही. पतंग आले ते थेट टोमॅटोवर.

तेवढ्यात भाची बाळंत झाली आणि वहिनी तिच्याकडे गेली. तिचं घर लांब, दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत. जाताना वहिनीने दारात उभं राहून दादाला बजावलं, "खोकला वाढला तर आधी लसणाचं गरम पाणी घ्या. नाहीच थांबला तर मला विचारून ते पाकीट." मला बजावलं, "वन्सं, यांच्याकडे लक्ष ठेवा." जणू मी इतकी वर्षं दुसरं काही करत होते.

ती गेली आणि अळी मातली. दादा रोज एक एक अळी वेचून साबणाच्या पाण्यात बुडवायचा. लसूण ठेचून, रात्रभर भिजत घालून, ते पाणी पानांवर शिंपडून झालं. पोखरलेली फळं तोडून लांब नेऊन पुरली. तरी सकाळी जाऊन बघावं तर नवीन भोकं. वहिनी परत यायच्या आत बाग हातची जाणार, या काळजीने त्याचं जेवण कमी झालं. खोकला मात्र, खरं सांगायचं तर, तेव्हा अगदी आटोक्यात होता.

वहिनीचा फोन संध्याकाळी यायचा. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि दादा बाहेर फोनवर बोलत होता. फोनवर तो ओरडूनच बोलतो, पलीकडचा माणूस लांब आहे हे त्याच्या डोक्यातून जात नाही. त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू आलं, तिचं काहीच नाही.

"त्रास वाढलाय गं," दादा म्हणाला. "तू गेल्यापासूनच. आधी खाली होता, आता वर चढलाय." मग थांबला. "रात्रीच जास्त. दिवसा काही कळत नाही." पुन्हा थांबला. "लसणाचं करून बघितलं. काही उपयोग नाही. औषध सुरू करू का?"

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं. हा प्रश्न त्याने विचारला यातच त्याची किती कोंडी झालीय ते कळत होतं. आता पलीकडून काय बरसणार म्हणून मी कान देऊन होते. पण दादा नुसता ऐकत राहिला, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू म्हणतेस ना नक्की?" आणि मग, "नाही, नाही, अर्धवट नाही सोडणार. पूर्ण करतो."

फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी विचारलं.

"हो म्हणाली."

"औषधाला?"

"वाट कसली बघताय, म्हणाली."

"आणि तुझ्या छातीचं काय?"

"तोंडाला फडकं बांधतो की. आणि ती सिस्टर आहे. ती हो म्हणते म्हणजे तिने विचार केलाच असेल."

आजारपणात वहिनीचा शब्द शेवटचा, हे या घरात मीसुद्धा मान्य केलेलं आहे. शिवाय दादाचा चेहरा असा फुलला होता की विरोध करवेना. त्याने माळ्यावरून पंप काढला, जमिनीवर बसून नळी तपासली, वायसर बदलला, आणि जेवायला बोलावलं तरी उठेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात दाखवायला गेले होते. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच वास आला. कितीतरी वर्षं तो वास मागच्या दाराने आमच्या घरात यायचा, अंगणातल्या नळावर धुतला जायचा आणि तरी थोडा उरायचाच. अंगणात गेले तर काम पुरं झालेलं होतं. एक पान सुटलेलं नव्हतं, वरून, खालून, बुंध्यापर्यंत. जमिनीवर ढालकिडे उताणे पडले होते. शेपूच्या फुलांखाली त्या बारीक माश्यांचा सडा. पाहुणे मेले होते आणि आपली माणसंही मेली होती. दादा पायरीवर बसून दम घेत होता आणि तो दम काही पुरा होत नव्हता. दुपारपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. शेजारच्या सुताराने त्याला उचलून गाडीत घातलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

वहिनी दुसऱ्या दिवशी आली, जावई गाडी घेऊन तिच्याबरोबर. दादा वाचला होता, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. वहिनीने आधी सलाइन बघितलं, मग खाटेवर अडकवलेला कागद वाचला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"शब्द दिला होतात मला," ती म्हणाली.

दादाने मास्क बाजूला केला. "तूच हो म्हणालीस."

"मी? मी हो म्हणेन? तुम्हाला विष घ्यायला मी हो म्हणेन?"

"फोनवर. बागेत औषध मारू का विचारलं मी."

"मला असलं काही विचारलं नाहीत तुम्ही. बागेचं अवाक्षर काढलं नाहीत."

मी मध्ये पडले. "वहिनी, त्याने विचारलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"तुमच्या भावाने खून केला तरी तुम्ही म्हणाल, मेलेलाच मध्ये आला," वहिनी म्हणाली. विषय तिथेच संपला.

तिचा राग मला परवडला असता. पुढे झालं ते वाईट होतं. जावई भला माणूस, बोलणं मऊ, हेतू चांगला. त्याने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की बाबांना जे घडलंच नाही ते घडलं असं वाटतंय, हे वयाचं काही असेल का. डॉक्टर येऊन दादाला म्हणाले, आज वार कोणता? दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या माणसाला वार कसा कळणार. दादाने चुकीचा सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली, आणि वहिनीच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला. तिने असे पेशंट खूप बघितले होते. पुढे काय काय होतं हे तिला पाठ होतं.

त्या दिवसापासून ती दादाशी गोड बोलायला लागली. "अहो, ही गोळी आपण आत्ता घेऊया हं," म्हणायची. "चष्मा कुठे ठेवलात? असू दे, असू दे, मी शोधते." दादा सगळं मुकाट्याने ऐकायचा. इतकी वर्षं मी तिचं तोडून बोलणं ऐकलं, त्यावर मनात शंभर उत्तरं तयार केली, पण हे गोड बोलणं ऐकून मला धडकी भरली. ती नवऱ्याशी बोलत नव्हती, वॉर्डमधल्या म्हाताऱ्याशी बोलत होती.

दादाला घरी आणलं तेव्हा सगळं ठरलेलंच होतं. दोघांनी मुलीकडे जाऊन राहायचं. तिथे दहाव्या की बाराव्या मजल्यावर एक खोली त्यांना मिळणार होती. माती नाही, पंप नाही, कोणीतरी सतत डोळ्यांसमोर. मेंदूच्या डॉक्टरांची वेळही घेऊन झाली होती. दादाने एकदाही नाही म्हटलं नाही. वहिनी विचारायची, "बरं वाटेल ना तुम्हाला तिथे?" आणि तो म्हणायचा, "तू म्हणतेस तर वाटेल." मला त्याचा असा राग आला की मी वर जाऊन दार लावून घेतलं. भांड ना, मला वाटत होतं, एकदा तरी भांड. पण भांडायला स्वतःवर भरवसा लागतो, आणि तो त्याच्याकडे उरला नव्हता.

बागेत कोणी जात नव्हतं. एकदाच वहिनी बशी घेऊन गेली, मी वरून बघितलं. तिने पानाला टिचकी मारली, बशीत काही पडलं नाही. दुसऱ्या झाडापाशी गेली तर पांढऱ्या माश्यांचा ढग उठला. औषध मारल्यावर पहिल्यांदा पाहुणेच परत येतात, आपल्या माणसांना वेळ लागतो, हे दादाने तिला कधीतरी सांगितलं असणार. ती बशी तिथेच ठेवून आत आली.

जायच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात दादाची औषधं पिशवीत भरत होती आणि मी बाटल्यांची झाकणं घट्ट करून देत होते. खणाच्या मागच्या बाजूने तिने ते वेगळं पाकीट काढलं.

"हे बघा वन्सं," ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता. "जसंच्या तसं. मी सुरू करा म्हणून सांगितलं, यांनी फोडलंसुद्धा नाही. हेही विसरले."

"कधी सांगितलंत?"

"त्याच फोनवर. त्रास वाढलाय म्हणाले, औषध सुरू करू का म्हणाले. मी म्हटलं करा."

मी हातातलं झाकण खाली ठेवलं. एक्स्चेंजमध्ये असताना कधी कधी दोन फोन एकमेकांत घुसायचे. इकडून सुतार कपाटाची उंची विचारतोय आणि तिकडून कोणी बाई मुलीची उंची सांगतेय, आणि बराच वेळ दोघंही खूश. आम्ही पोरी हसून हसून लोळायचो. आता मला हसू येईना.

"वहिनी, बसा," मी म्हणाले. "त्या फोनवर तुम्ही काय बोललात ते जसंच्या तसं बोला. दादाचं मी बोलते."

"आता हे काय नवीन?"

"बसा म्हणते ना."

माझा आवाज ऐकून ती बसली. मी दादासारखं म्हटलं, "'त्रास वाढलाय गं. आधी खाली होता, आता वर चढलाय.'"

"हो. छातीतून घशाशी आलाय, मला कळलं."

"खालच्या फळांवरून वरच्या फळांवर, वहिनी."

मी पुढे म्हटलं, "'रात्रीच जास्त. दिवसा काही कळत नाही.'"

"मी विचारलं, रात्री जास्त होतो का. खोकला रात्रीच..." आणि ती थांबली.

"अळीपण रात्रीच खाते."

"लसणाचं पाणी," ती पुटपुटली. "मीच सांगून गेले होते. लसणाचं पाणी घ्या म्हणून."

"त्याने झाडांवर शिंपडलं होतं."

पुढचं वहिनीने न विचारता सांगितलं, अगदी त्या दिवसाच्या सुरात. "'मग वाट कसली बघताय? करा की सुरू. इतकी वर्षं झाली, तुम्हाला काय सांगायला लागतं का? आणि सुरू केलंत की पूर्ण करा, मध्येच सोडू नका.' बाळ रडत होतं हो. मला फोन ठेवायचा होता. मी दुसरं काही विचारलंच नाही."

मग ती रडली. मी या बाईला आमच्या आईच्या आजारपणातही रडताना बघितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो ठेवू दिला. तिची चूक नव्हती, दादाची नव्हती. एक शब्द या घरात दोघांनी इतकी वर्षं आपापल्या परीने वापरला होता, आणि कधी अडलं नव्हतं.

दादा बाहेरच्या खोलीत बूट घालून तयार बसला होता, पायाशी बॅग. जावई दुपारी यायचा होता, पण त्याने सकाळीच बूट चढवले होते. वहिनी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि सगळं सांगितलं. गोड आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात, मध्ये मध्ये नाक पुसत. दादाने तिला दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही हो."

"मला वाटलं, माझं विसरणं सुरू झालं. तू सिस्टर, तू म्हणतेस तर असेलच." त्याने डोळे मिटले. "रोज सकाळी उठलो की आधी गल्लीतल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचो. एखादं आठवलं नाही की घाम फुटायचा. तुला कसं सांगू म्हणून गप्प राहायचो."

वहिनीने स्टूल आणखी जवळ ओढलं. मग ती म्हणाली, "मला एकच सांगा. मी नीट ऐकलं नाही, कबूल. पण छातीचं तुम्हाला ठाऊक होतं. मी असं कसं हो म्हणाले, असं उलटून विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मला नाही ऐकायचं नव्हतं," दादा म्हणाला. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "तू म्हणालीस, इतकी वर्षं झाली, तुम्हाला काय सांगायला लागतं का. मला वाटलं माझ्या कामाबद्दल म्हणतेस. तसं तू कधी म्हणाली नव्हतीस. फार बरं वाटलं गं मला. त्या सकाळी पंप पाठीला लावला आणि मनाशी म्हटलं, आज घरचं काम आहे, एक पान सुटता कामा नये."

मी दारात उभी होते. माझा भाऊ इतकी वर्षं हे मनात घेऊन फिरत होता आणि मला, सगळं ऐकू येणारीला, त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

वहिनी उठली आणि तिने जावयाला फोन लावला. "गाडी आणू नका," म्हणाली. "बाबा कुठेही येत नाहीत. नाही, बरे आहेत. चांगले बरे आहेत. कारण नंतर सांगते." मग ती परत येऊन खाली जमिनीवर बसली आणि दादाच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. तो नको नको म्हणत पाय मागे घेत होता, तिने घोटा धरून ठेवला.

"पहिल्या दिवशी तुम्हाला कुठे पाठवलं होतं?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"कामावर. अगदी पहिल्या दिवशी."

दादा गोंधळला. "ते आता कशाला?"

"मला ऐकायचंय म्हणून. सांगा ना."

दादाने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. घसा खाकरला, थोडा खोकला आला, तो थांबेपर्यंत ती थांबली.

"एक बेकरी होती," तो म्हणाला आणि मध्येच थांबून खाली वाकून बघितलं, ती खरंच ऐकतेय का ते. बूट तिच्या हातातच होता. ती ऐकत होती.